स्युब्झोंक्तीफ ॲंपार्फे: ‘त्यू’च्या एका रूपातून उरलेली सहा रूपे

फ्रेंचची दोन-तीन वर्षे नेटाने केलेला विद्यार्थी जेव्हा एकोणिसाव्या शतकातली एखादी कादंबरी पहिल्यांदा मूळ भाषेत उघडतो, तेव्हा थोड्याच पानांत त्याला अशी क्रियापदे भेटतात की ती वर्गात कधी ऐकलेली नसतात आणि शब्दकोशातही त्या रूपात सापडत नाहीत: फ्यूस, यूस, वुल्यूस, व्हॅंस. ही सर्व स्युब्झोंक्तीफ ॲंपार्फे, म्हणजे इच्छा-अपेक्षा सांगणाऱ्या रूपांचा भूतकाळ, या रूपसंचातली आहेत. पाठ्यपुस्तकात त्यांचा तक्ता बहुधा अगदी शेवटी दिलेला असतो. तो पाहून विद्यार्थ्याचा असा समज होतो की प्रत्येक क्रियापदाची सहा नवी रूपे घोकावी लागणार. हा समज दूर करावा, म्हणून हा लेख लिहीत आहे. या रूपसंचाइतकी नियमित रचना फ्रेंच क्रियापदांत क्वचितच आढळते. क्रियापदाचे एक रूप माहीत असले की उरलेली सहाही रूपे जवळजवळ विनाअपवाद तयार करता येतात.

लेखनपद्धतीविषयी एक गोष्ट आधी सांगतो. फ्रेंच शब्द येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. ‘फ्यू’, ‘प्यू’, ‘स्यू’ असे जेथे लिहिले आहे, तेथे ओठ ‘ऊ’ म्हणताना होतात तसे गोल ठेवून जीभ मात्र ‘ई’च्या जागी ठेवावी आणि मधला ‘य’ वेगळा ऐकू येऊ देऊ नये. या विषयात उच्चारापेक्षा अक्षरलेखन महत्त्वाचे असल्यामुळे गरज पडेल तेथे अक्षरे त्यांच्या रोजच्या नावांनी, म्हणजे ए, आय, यू, एस, टी अशी, सुटी करून सांगितली आहेत. ती वाचताना शेजारी कागद ठेवून रोमन लिपीत लिहीत गेल्यास सर्व काही लगेच स्पष्ट होईल.

प्रथम या रूपाचे काम समजून घेऊ. स्युब्झोंक्तीफ हा क्रियापदाचा ‘अर्थ’ मराठीतल्या विध्यर्थाच्या बराच जवळचा आहे. ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ या वाक्यातले ‘यावे’ हे घडलेल्या गोष्टीचे निवेदन नसून मनातल्या अपेक्षेचे रूप आहे. फ्रेंचमध्ये येथे ‘झ व्ह किल व्ह्येन’ असे म्हणतात आणि ‘व्ह्येन’ हे वर्तमानकाळातील स्युब्झोंक्तीफ असते. आता मुख्य वाक्य भूतकाळात नेऊन पाहा. मराठीत ‘त्याने यावे अशी माझी इच्छा होती’ असे म्हणताना ‘आहे’चे ‘होती’ झाले, परंतु ‘यावे’ जागचे हलले नाही. अभिजात फ्रेंचमध्ये मात्र मुख्य क्रियापद भूतकाळात गेले की गौण वाक्यातले क्रियापदही त्याच्यामागोमाग जाते आणि वाक्य ‘झ वुले किल व्हॅं’ असे होते. मराठी वाचकाला हा संच अवघड वाटण्याचे खरे कारण माझ्या मते येथे आहे. प्रत्ययांपेक्षा ही काळाची जुळणी त्याला अनोळखी असते, कारण आपल्या भाषेला तिची गरज कधी भासलीच नाही.

आता रचनेकडे वळू. पहिली पायरी अशी की क्रियापदाचे पासे सॅंप्ल, म्हणजे लिखित कथनात वापरला जाणारा साधा भूतकाळ, घ्यावा आणि त्यातले ‘त्यू’चे, म्हणजे ‘तू’चे रूप लिहावे. हे रूप नेहमी एस या अक्षराने संपते. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे, याचे रूप पी-ए-आर-एल-ए-एस. ‘फिनीर’ म्हणजे संपवणे, याचे एफ-आय-एन-आय-एस. ‘वुल्वार’ म्हणजे इच्छिणे, याचे व्ही-ओ-यू-एल-यू-एस. ‘व्हनीर’ म्हणजे येणे, याचे व्ही-आय-एन-एस. शेवटच्या एसच्या आधी काय येते ते पाहिले, तर फ्रेंचमधील सर्व क्रियापदे ए, आय, यू आणि आय-एन या चार घरांत बसतात. पाचवे घर नाही.

दुसरी पायरी प्रत्ययांची. ‘त्यू’च्या त्या रूपाला, त्याच्या शेवटच्या एसला हात न लावता, ‘मी’साठी एस-ई, ‘तू’साठी एस-ई-एस, ‘आम्ही’साठी एस-आय-ओ-एन-एस, ‘तुम्ही’साठी एस-आय-ई-झेड आणि ‘ते’साठी एस-ई-एन-टी जोडावे. रूपातला एक एस आणि प्रत्ययातला दुसरा एस मिळून या रूपांची ओळख असलेला जोड-एस तयार होतो. ‘पार्ले’ची रूपे अशी होतात:

मी: क झ पार्लास
तू: क त्यू पार्लास
तो: किल पार्ला
आम्ही: क नू पार्लासियों
तुम्ही: क व्हू पार्लासिये
ते: किल पार्लास

यांतली तीन रूपे कानाला अगदी सारखी लागतात आणि ती लेखनातच वेगळी दिसतात. ‘तो’चे रूप मात्र या रांगेत बसत नाही, म्हणून त्यासाठी तिसरी पायरी स्वतंत्रपणे सांगावी लागते. तेथे ‘त्यू’च्या रूपातला शेवटचा एस काढून टाकावा, उरलेल्या रूपातील शेवटच्या स्वरावर टोपी चढवावी आणि पुढे टी लिहावा. या टोपीला फ्रेंचमध्ये ‘आक्साँ सिर्कोंफ्लेक्स’ म्हणतात. अशा रीतीने पी-ए-आर-एल-ए-एस यापासून पी-ए-आर-एल, टोपी घातलेला ए आणि टी असे रूप मिळते. ‘व्हनीर’च्या बाबतीत टोपी आयवर बसते आणि एन तिच्या मागे राहतो: व्ही, टोपी घातलेला आय, एन, टी. उच्चार फक्त ‘व्हॅं’.

ही टोपी का येते, हे समजले तर ती विसरली जात नाही. हा रूपसंच लॅटिनमधील स्युब्झोंक्तीफच्या पूर्णभूतकाळातून आला आहे. ‘कांताव्हिस्सेत’ हे लॅटिन रूप बोलण्यात आखडून ‘कांतास्सेत’ झाले. जुन्या फ्रेंचमध्ये ते एस-टीने संपणारे रूप बनले. पुढे त्यातल्या एसचा उच्चार बंद पडला, तरी लेखनात तो बराच काळ टिकून होता. १७४० साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीने असे हजारो मूक एस काढून टाकले आणि अनेक ठिकाणी त्यांच्या जागी आधीच्या स्वरावर टोपी ठेवली. म्हणजे ही टोपी गेलेल्या अक्षराची खूण आहे. इतर पाच रूपांत दिसणारा एस ‘तो’च्या रूपातही होताच, तेथे तो आता स्वराच्या डोक्यावर बसला आहे. गोव्यातील ज्या वाचकांना घरच्या वडीलधाऱ्यांमुळे पोर्तुगीज येते, त्यांना हे कुटुंब लगेच ओळखू येईल, कारण पोर्तुगीजमध्ये ‘मी बोललो असतो तर’ अशा अर्थाने येणारे जोड-एसचे रूप याच लॅटिन मुळाचे आहे आणि ते आजही बोलण्यात सर्रास वापरले जाते. फ्रेंचमध्ये तेच रूप बोलीतून नाहीसे झाले आणि पुस्तकांत राहिले.

१९९० साली फ्रेंच शुद्धलेखनात ज्या सुधारणा सुचवल्या गेल्या, त्यांत आय आणि यू या अक्षरांवरची टोपी बऱ्याच शब्दांतून ऐच्छिक करण्यात आली. मात्र पासे सॅंप्ल आणि स्युब्झोंक्तीफच्या प्रत्ययांतली टोपी राखण्यात आली. याचे कारण सरळ आहे. ‘तो होता’ या अर्थाचे पासे सॅंप्लचे रूप एफ-यू-टी असे लिहितात, तर स्युब्झोंक्तीफचे रूप एफ, टोपी घातलेला यू आणि टी असे असते. दोन्हींचा उच्चार ‘फ्यू’ असाच होतो. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ या शब्दांत बोलताना फारसा फरक न जाणवता लेखनातली वेलांटी अर्थ ठरवते, तसेच काम येथे टोपी करते.

आता प्रश्न असा की ‘त्यू’चे ते पहिले रूप कसे ओळखावे. पासे सॅंप्ल नीट येत असेल तर प्रश्नच नाही, पण पुष्कळ विद्यार्थी तोही अर्धवट शिकलेले असतात. ई-आरने संपणारी सर्व क्रियापदे, ‘आले’ म्हणजे जाणे हे अनियमित क्रियापदही, ए या घरात जातात. फ्रेंचमधील बहुसंख्य क्रियापदे या एकाच वाक्यात निकालात निघतात. ‘फिनीर’ किंवा ‘पार्तीर’ यांसारखी बहुतेक आय-आरची क्रियापदे आणि ‘व्हाँद्र’ म्हणजे विकणे, ‘पेर्द्र’ म्हणजे हरवणे, ‘रेपोंद्र’ म्हणजे उत्तर देणे ही डी-आर-ईने संपणारी नियमित क्रियापदे आय या घरात येतात. ‘व्हनीर’, ‘तनीर’ म्हणजे धरणे, आणि या दोघांना उपसर्ग लागून झालेली क्रियापदे एवढाच आय-एन या घराचा संसार आहे.

राहिलेल्या अनियमित क्रियापदांसाठी एक युक्ती बऱ्यापैकी कामी येते. पासे कोंपोझे, म्हणजे बोलण्यातला भूतकाळ, बनवताना जे भूतकालवाचक धातुसाधित वापरतो, त्याचा शेवटचा स्वर पाहावा. ‘पुव्ह्वार’चे प्यू, ‘साव्ह्वार’चे स्यू, ‘दव्ह्वार’चे द्यू, ‘आव्ह्वार’चे यू, ‘लीर’चे ल्यू, ‘ब्वार’चे ब्यू, ‘क्र्वार’चे क्र्यू, ‘कोनेत्र’चे कोन्यू, ‘कुरीर’चे कुर्यू, ‘व्हीव्र’चे व्हेक्यू, ‘रसव्ह्वार’चे रस्यू: ही सर्व यू या घरात जातात. ‘मेत्र’चे मी, ‘प्राँद्र’चे प्री आणि ‘दीर’चे दी ही आय या घरात जातात. धातुसाधित तोंडात बसलेले असल्यामुळे वेगळे पाठांतर करावे लागत नाही.

तरीही ही युक्ती जेथे फसवते, ती ठिकाणे नीट पाहून ठेवलीच पाहिजेत, कारण नेमकी तीच क्रियापदे वाचनात वारंवार येतात. ‘व्ह्वार’ म्हणजे पाहणे, याचे धातुसाधित ‘व्ह्यू’ असले तरी पासे सॅंप्ल ‘व्ही’ असते, म्हणून स्युब्झोंक्तीफ ॲंपार्फे ‘व्हीस’ होते. ‘व्हाँद्र’ आणि त्याचे भाऊबंद, तसेच ‘बात्र’ म्हणजे मारणे, यांच्या धातुसाधितात यू असला तरी घर आयचे आहे. ‘व्हनीर’ आणि ‘तनीर’ यांच्याही धातुसाधितात यू आहे, पण घर आय-एनचे. ‘फेर’ म्हणजे करणे, याचे ‘फी’ होते. ‘नेत्र’ म्हणजे जन्मणे, याचे ‘नाकी’. ‘मुरीर’ म्हणजे मरणे, याचे ‘मुर्यू’. ‘एक्रीर’ म्हणजे लिहिणे, याचे ‘एक्रिव्ही’. ‘उव्ह्रीर’ म्हणजे उघडणे, याचे ‘उव्ह्री’. ‘क्रॅंद्र’ म्हणजे भिणे, याचे ‘क्रेन्यी’. ‘कोंद्वीर’ म्हणजे वाहन चालवणे, याचे ‘कोंद्वीझी’. आणि ‘एत्र’ म्हणजे असणे, याचे ‘फ्यू’. एवढी बारा-पंधरा क्रियापदे पाठ करावीत, त्याहून अधिक घोकंपट्टीची गरज नाही.

सर्वांत जास्त उपयोगी पडणारी दोन क्रियापदे येथे पूर्ण करून पाहू. ‘एत्र’: त्यूचे रूप एफ-यू-एस, त्यावरून फ्यूस, फ्यूस, फ्यू, फ्यूसियों, फ्यूसिये, फ्यूस. ‘आव्ह्वार’: त्यूचे रूप ई-यू-एस, त्यावरून यूस, यूस, यू, यूसियों, यूसिये, यूस. दुसऱ्या क्रियापदात ई लिहिला जातो पण उच्चारला जात नाही आणि ‘तो’च्या रूपात टोपी यूवर बसते, ईवर बसत नाही. हे दोन संच हाताखाली असले की स्युब्झोंक्तीफचा पूर्णभूतकाळही आपोआप हाती येतो. सहायक क्रियापदाचे यांतले योग्य रूप घेऊन पुढे धातुसाधित ठेवले की झाले. ‘तो निघून गेला असल्याचे मला वाईट वाटत होते’ हे ‘झ रग्रेते किल फ्यू पार्ती’ असे होते.

लेखनाच्या बाबतीत तीन बारकावे सांगण्यासारखे आहेत. जी-ई-आरने संपणाऱ्या ‘माँझे’ म्हणजे खाणे यासारख्या क्रियापदात जीचा ‘झ’ उच्चार टिकवण्यासाठी एच्या आधीचा ई कायम राहतो. सी-ई-आरच्या ‘कोमाँसे’ म्हणजे सुरू होणे यासारख्या क्रियापदात एच्या आधीच्या सीला खाली शेपटी लावावी लागते, आणि ‘रसव्ह्वार’मध्ये यूच्या आधीही तसेच करावे लागते. ‘आईर’ म्हणजे द्वेष करणे, यात आयवर मुळातच दोन टिंबे असल्यामुळे तेथे टोपी चढत नाही, टिंबेच राहतात. याशिवाय ‘त्रेर’ म्हणजे दूध काढणे, ‘क्लोर’ म्हणजे बंद करणे आणि ‘पेत्र’ म्हणजे चरणे अशा काही क्रियापदांना पासे सॅंप्लच नाही. त्यामुळे त्यांना हा संचही नाही. रूप सापडले नाही म्हणून तेथे शोधत बसू नये.

वापराच्या नियमाकडे आता जरा सावकाश पाहू, कारण रूप बिनचूक तयार करूनही ते चुकीच्या जागी ठेवण्याचा धोका असतो. स्युब्झोंक्तीफ मागणारा शब्द आधी हवा: इच्छा, भीती, खेद किंवा गरज सांगणारे क्रियापद, किंवा ‘ब्यॅं क’ म्हणजे जरी, ‘आव्हाँ क’ म्हणजे आधी, ‘पुर क’ म्हणजे अमुक व्हावे म्हणून, यांसारखे उभयान्वयी अव्यय. त्यानंतर मुख्य क्रियापदाचा काळ पाहावा. ते वर्तमानात किंवा भविष्यात असेल तर गौण क्रियापद वर्तमान स्युब्झोंक्तीफमध्ये येते. ते भूतकाळात किंवा संकेतार्थात, म्हणजे ‘असता, असती’ अशा अर्थाच्या रूपात, असेल, आणि गौण क्रिया त्याच वेळची किंवा नंतरची असेल, तर आपला संच येतो. गौण क्रिया आधीची असेल तर नुकताच पाहिलेला पूर्णभूतकाळ येतो. ‘पाऊस सुरू होण्यापूर्वी तो निघाला’: इल पार्ती आव्हाँ क ला प्ल्वी कोमाँसा. ‘तो आजारी असूनही त्याने काम केले’: ब्यॅं किल फ्यू मालाद, इल त्राव्हाया. या दोन्ही वाक्यांत ‘कोमाँसा’ आणि ‘फ्यू’ यांवर टोपी आहे, तर ‘पार्ती’ आणि ‘त्राव्हाया’ हे साधे पासे सॅंप्ल असून त्यांवर टोपी नाही.

‘आप्रे क’ म्हणजे नंतर, याच्यापाशी विशेष जपावे. ‘आव्हाँ क’ स्युब्झोंक्तीफ मागते, म्हणून ‘आप्रे क’ही मागत असेल असे वाटते. परंतु नंतर घडणाऱ्या गोष्टीच्या आधीची क्रिया घडून गेलेली असते, तिच्यात अपेक्षा किंवा शंका उरलेली नसते, म्हणून व्याकरण तेथे स्वार्थाचे, म्हणजे घडलेली गोष्ट सरळ सांगणारे, रूप ठेवते आणि ‘तो गेल्यावर’ असे सांगताना येणारे ‘फ्यू’ टोपीशिवाय लिहिले जाते. खुद्द फ्रेंच लोकांच्या लिखाणात येथे चुकीची टोपी वारंवार दिसते. उलट दिशेचीही एक गफलत होते. पासे सॅंप्लमध्ये ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांच्या रूपांवर टोपी असतेच, त्यामुळे टोपी दिसली की स्युब्झोंक्तीफ असा ठोकताळा चालत नाही. टोपीच्या पुढे टी (‘व्हनीर’-‘तनीर’च्या घरात एन-टी) असून शब्द तेथेच संपत असेल, तरच तो आपला संच मानावा.

एक महत्त्वाचा प्रश्न उरतो: हे रूप आज वापरावे का? बोलण्यात मुळीच वापरू नये. फ्रान्सच्या शिक्षण खात्याने २६ फेब्रुवारी १९०१ च्या आदेशाने, मुख्य क्रियापद संकेतार्थात असेल तर गौण वाक्यात वर्तमान स्युब्झोंक्तीफही चालेल, अशी परीक्षेत मुभा दिली. २८ डिसेंबर १९७६ च्या आदेशाने ती मुभा भूतकाळातल्या मुख्य क्रियापदालाही लागू केली. म्हणजे ‘झ वुले किल व्ह्येन’ असे लिहिणाऱ्याचे गुण कापले जाऊ नयेत, हे तेव्हापासून ठरलेले आहे. आजच्या साहित्यिक गद्यात ‘तो’चे रूप, विशेषतः ‘एत्र’ आणि ‘आव्ह्वार’ यांचे, टिकून आहे. ‘पार्लासियों’सारखी लांब रूपे मात्र आजच्या फ्रेंच कानाला अवजड लागतात, म्हणून ती फक्त ओळखता आली तरी पुरेसे आहे. काही ठरीव शब्दप्रयोग मात्र अजून जिवंत आहेत आणि ते शिकून घेण्याजोगे आहेत: ‘न फ्यूस क’ म्हणजे निदान एवढ्यासाठी तरी, ‘द्यूतील आँ मुरीर’ म्हणजे त्यापायी मरण आले तरी, आणि ‘प्ल्यू ता द्य’ म्हणजे देवाने तसे केले असते तर! या शेवटच्या उद्गारातले ‘प्ल्यू’ हे ‘प्लेर’ म्हणजे आवडणे, याचे रूप आहे.

जुन्या गद्यात ‘यू’ हे टोपीवाले रूप स्युब्झोंक्तीफ मागणारा कोणताही शब्द नसताना मुख्य वाक्यातही दिसते. तेथे ते संकेतार्थाच्या भूतकाळाचे काम करते. ‘इल यू फाल्यू’ म्हणजे ‘गरज पडली असती’. मराठीतला ‘असता, असती, असते’ हा संकेतार्थ मनात धरून वाचले, तर अशी वाक्ये सहज उलगडतात.

वाचताना उलट्या दिशेने जायचे असते. समजा, ‘क्रेन्यीस’ असे रूप समोर आले आणि ते एस-एस-ई-एन-टीने संपले आहे. शेवटची एस-ई-एन-टी ही अक्षरे झाकावीत. उरते ते ‘त्यू’चे पासे सॅंप्ल, आणि त्यावरून ‘क्रॅंद्र’पर्यंत पोहोचता येते. जोड-एसच्या आधी ए असेल तर क्रियापद ई-आरचेच असणार, मग शब्दकोश लगेच साथ देतो. खरी अडचण एकाच उच्चारखंडाच्या छोट्या रूपांची होते, कारण झाकल्यावर हाती फार थोडे उरते. म्हणून फ्यूस हे एत्रचे, यूस हे आव्ह्वारचे, प्यूस हे पुव्ह्वारचे, स्यूस हे साव्ह्वारचे, द्यूस हे दव्ह्वारचे, ल्यूस हे लीरचे, ब्यूस हे ब्वारचे, फीस हे फेरचे, मीस हे मेत्रचे, प्रीस हे प्राँद्रचे, व्हीस हे व्ह्वारचे, दीस हे दीरचे, एवढी यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. यांतली काही रूपे वर्तमान स्युब्झोंक्तीफच्या शेजारी ठेवून म्हणावीत: प्यूस आणि प्वीस, स्यूस आणि साश, फीस आणि फास. ‘फिनीर’च्या वर्गात मात्र दोन्ही संच ‘तो’चे रूप सोडून हुबेहूब सारखे असतात. तेथे काळ ठरवण्यासाठी मुख्य क्रियापदाकडेच पाहावे लागते.

सरावासाठी चार क्रियापदे देतो. ‘पार्तीर’, ‘कोनेत्र’, ‘तनीर’ आणि ‘प्लासे’ म्हणजे ठेवणे, यांची ‘मी’ आणि ‘तो’ ही दोनच रूपे आधी लिहून पाहावीत. उत्तरे पुढीलप्रमाणे आहेत. पार्तीस, आणि टोपीच्या आयचे पार्ती. कोन्यूस, आणि टोपीच्या यूचे कोन्यू. तॅंस, आणि टोपीच्या आयपुढे एन असलेले तॅं. प्लासास, आणि टोपीच्या एचे प्लासा, ज्यात सीला शेपटी लावली आहे का, हे लिहिल्यावर एकदा तपासून घ्यावे.